झेल्या

घोषणा आली आणि पितांबरने ती झेलली. झालं ते एवढंच. हातातल्या कपातला चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, चटका बसला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपला उजवा हात वर गेला आहे, मूठ वळलेली आहे आणि तोंड अजून उघडंच आहे. ब्याण्णव सालचा नोव्हेंबर संपत आला होता. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळची ही टपरी त्याची आणि जब्बारची रोजची. फाटक बंद होतं, मालगाडी जागची हलत नव्हती आणि तिच्यापायी एक मोर्चा रस्त्यात अडकून पडला होता. मोर्चातली माणसं कंटाळली होती, मागची तर खुशाल केळी सोलून खात होती. मोर्चा पितांबरचा नव्हता. गिरणीच्या युनियनचे पुढारी देवचंद वकील अभ्यासवर्गात ज्यांना फॅसिस्ट म्हणायचे आणि ज्यांच्या नावाने पितांबरने स्वतः वर्षानुवर्षं मुर्दाबाद केलं होतं, त्या लोकांचा होता. पुढच्या जीपच्या बॉनेटवर एक तरणा पोरगा चढला आणि त्याने गळा मोकळा करून आरोळी ठोकली, "या गावावर हक्क कुणाचा?" कुणी उत्तर दिलं नाही. घोषणा लोंबकळत राहिली, आता पडणार असं दिसलं, आणि नेमकं तेव्हा टपरीवरून खणखणीत आवाजात उत्तर गेलं, "आमचा! आमचा!" मग सगळा मोर्चाच जागा झाला. बॉनेटवरच्या पोराने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की पितांबरला क्षणभर आपण काहीतरी चांगलंच केलं असं वाटलं.

जब्बार शेजारीच उभा होता. त्याने आधी बशीतला चहा संपवला, मग खांद्यावरचा रुमाल काढून पितांबरचा कोपर पुसला. "झेल्या," तो म्हणाला, "गळा आजून तसाच शे तुन्हा." आणि हसला. ते हसू थोडं लवकर थांबलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर पितांबरला बरं वाटलं असतं. धुळ्याच्या गिरणीत असताना याहून क्षुल्लक गोष्टीवरून जब्बारने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. पण आज तो नुसता कोपर पुसत राहिला. फाटक उघडलं, मोर्चा पुढे सरकला, जब्बारने सायकल काढली आणि "दुपारले गाद्यासनं काम शे" म्हणून निघून गेला. पितांबरने त्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ कधी इतकी वाकली, हे त्याला आठवेना.

झेल्या हे नाव त्याला गिरणीत पडलं. मोर्चा म्हटला की लोकांना पुढे ओरडणारा तेवढा दिसतो. पण ज्यांनी मोर्चे काढले आहेत त्यांना विचारा. घोषणा टाकणारा एक लागतो आणि ती झेलणारा एक लागतो. टाकणाऱ्याने पहिला अर्धा भाग टाकला की दुसरा अर्धा ताबडतोब, एका दमात, कुणीतरी उचलून धरावा लागतो. मग बाकीचे आपोआप येतात. क्षणाचा जरी उशीर झाला तरी घोषणा पडते. पडलेली घोषणा फार वाईट दिसते. पोलीस हसतात, मालक माडीवरून पाहून सुपारी कातरत राहतो, आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. म्हणून देवचंद वकिलांनी पितांबरला चौथ्या-पाचव्या रांगेत मधोमध ठेवलं होतं, आणि त्याच्या डाव्या हाताला जब्बार. वकील तेव्हा नुकतेच धुळ्याला सनद घेऊन आलेले, उंचेपुरे, बोलायला लागले की पांझरेच्या पुलावरची माणसं थांबायची. त्यांनी पितांबरला एकच गोष्ट शिकवली, आणि ती त्याच्या हाडात गेली. "विचार करायचा तो अभ्यासवर्गात. मोर्चात डोकं आड येऊ द्यायचं नाही. माझ्या तोंडातून निघालं की तुझ्या तोंडातून निघालं पाहिजे." वकील विचारायचे, "या गिरणीवर हक्क कुणाचा?" आणि पितांबर आणि जब्बार एका गळ्याने, "आमचा! आमचा!"

खरं तर त्या तोंडाचं कौतुक होईल असं पितांबरला कधी वाटलं नव्हतं. गिरणीत लागला तेव्हा त्याला साचेखात्यात, म्हणजे मागावर, घेतलं नव्हतं. साच्यावर सूत तुटलं की ते सुताची कांडी वाहणाऱ्या धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि पितांबरच्या वस्तीतल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार हातात धरणार नव्हता. कामगार, मालक नव्हे. बाबासाहेबांच्या मागे सगळी वस्ती बौद्ध झाली तरी धोट्याला ते कळलं नाही. पिंजणखात्यात धूळ खात तो आणि जब्बार शेजारी शेजारी उभे राहिले. मग एके दिवशी गेटसभेत तो उगाचच ओरडला आणि वकिलांनी मान वर करून विचारलं, हा आवाज कुणाचा? त्या दिवशी पितांबरला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला तोंड आहे. ज्या तोंडाचं सूत कुणाला चालत नव्हतं, त्या तोंडाची घोषणा साचेखात्यातलेही मुकाट्याने उचलायला लागले. या सुखाची चव ज्याला लागली त्याने मागे वळून शब्दांचा हिशेब का करावा? त्याने केला नाही. वकील जे टाकत गेले ते तो झेलत गेला.

आणि वकिलांनी टाकलं तरी किती! फॅसिझम मुर्दाबाद ही तर त्यांची आवडती घोषणा. अभ्यासवर्गात ते खडूने जर्मनी काढायचे, इटली काढायचे, बाण दाखवायचे, आणि पितांबरला वाटायचं, हे काहीतरी थंड मुलुखातलं, काळ्या बुटांचं प्रकरण असावं. मग ते जवळ जवळ यायला लागलं. गिरणीचा मॅनेजर फॅसिस्ट निघाला. नव्या युनियनचे लोक फॅसिस्ट निघाले. आणीबाणी आली तेव्हा वकिलांनी सांगितलं की ही फॅसिस्टांना आवर घालण्यासाठी आलेली आहे, तिला पाठिंबा द्यायचा, तो दिला. ज्या समाजवादी मास्तरांना पोलिसांनी उचलून नेलं त्यांनी जेलमधून सुटल्यावर भर चौकात वकिलांनाच फॅसिस्ट म्हटलं. वकिलांनी त्यांना फॅसिस्टांच्या हातातलं बाहुलं म्हटलं. आणीबाणीच्या बाजूने आणि मास्तरांच्या विरोधात, दोन्ही वेळेला पितांबरने मूठ वर केली होती. दुसऱ्या वेळी तर मास्तर समोर उभे होते आणि त्याच मास्तरांनी त्याच्या पोराची शाळेची फी माफ करून दिली होती. त्यांनी पितांबरकडे पाहून फक्त मान हलवली होती. गिरणी बंद पडली, पितांबर पोराकडे जळगावला आला, वर्षापूर्वी रशियाही बंद पडला. वकिलांच्या धुळ्याच्या बैठकीतल्या दोन तसबिरी भिंतीवरून उतरून कपाटामागे गेल्या, त्याबद्दल ते कुणाशी काही बोलले नाहीत. या सगळ्या वर्षांत पितांबरला एक गोष्ट पक्की समजली होती, की फॅसिस्ट म्हणजे समोरचा. आपल्या रांगेत तो नसतो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो बॉनेटवरचा पोरगा घरी आला. चपला बाहेर नीट लावून आत आला आणि वाकून पाया पडला. पितांबरच्या पायाला आजवर अशा वरच्या जातीच्या घरातल्या कुणी हात लावला नव्हता. पाय आपसूक मागे सरकले. "माझं नाव वना," पोरगा म्हणाला. "काल तुमचा आवाज ऐकला काका. चौकशी केली तेव्हा कळलं, धुळ्याचे झेल्या ते तुम्हीच. माझे वडील सांगायचे तुमच्याबद्दल." पितांबरच्या बायकोने, द्रौपदाबाईने, पाण्याचा तांब्या ठेवला तर तो गटागटा प्यायला, तांब्याला तोंड लावून. पितांबर त्या तांब्याकडे बघत राहिला. वना बोलत होता, आवाज मऊ होता, डोळे स्वच्छ होते. "तुमचं राजकारण आम्हाला माहीत आहे काका. त्यात काही नाही. तुम्ही तुमच्या परीने लोकांसाठीच केलं. तुमचे वकील आम्हाला फॅसिस्ट म्हणतात, म्हणू देत. त्यांच्या रशियात किती माणसं मारली ते त्यांनी एकदा सांगावं. हुकूमशाही त्यांची, आणि नाव आमचं." त्याने हे रागाने म्हटलं नाही. वकील म्हणतात तशाच खात्रीने म्हटलं. वाक्याच्या शेवटी तसाच किंचित थांबला, आणि त्या थांबण्याची पितांबरला इतकी सवय होती की त्याची मान आपोआप हलली. "रविवारी दुपारी मोठा मोर्चा आहे. कब्रस्तानाच्या रस्त्याने जायचंय. तिथे घोषणा पडायला नको. तुम्ही मधे असलात तर..." पितांबर नाही म्हणाला. तेवढं त्याला जमलं. वनाने मान डोलावली, उठला, दारात चपला घालता घालता सहज विचारावं तसं विचारलं, "काल तुमच्याजवळ उभे होते ते चाचा कोण?"

"जब्बार पिंजारी. आमच्या गिरणीतला."

"राहतात कुठे?"

"कब्रस्तानाच्या भिंतीकडून आत. निळं दार."

तोंडातून निघालं तसं निघालं. मधे डोकं आलंच नाही. वना "बरं, ओळख असलेली बरी" म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला. स्कूटरचा आवाज कॉलनीच्या टोकाशी विरला तरी पितांबर दारातच उभा. आतून द्रौपदाबाई म्हणाली, "तो पोऱ्या जब्बारभाऊनं घर कसाले इचारी ऱ्हायंता?" त्याने दार लोटून घेतलं. "आनि तुम्ही सांगं?" तिने वनाचा तांब्या उचलला, मोरीत नेऊन राखेने घासला, पुन्हा घासला. तिला काय घासून काढायचं होतं ते तिलाच ठाऊक. पितांबरला भीती वाटली, आणि या भीतीच्या तळाशी, तो पोरगा आपल्या पाया पडला याचं सुख अजून कोमट होतं. त्याला स्वतःची किळस आली. शनिवारचा उरलेला सगळा दिवस तो टपरीवर गेला नाही. जब्बारच्या घराकडे जावं म्हणून दोनदा निघाला आणि भाजी बाजारातून भरताची वांगी घेऊन परत आला. काय सांगणार होता? तुझं घर मी दाखवून दिलं? आणि कशावरून त्या पोराच्या मनात काही होतं? ओळख असलेली बरी, एवढंच तर तो म्हणाला. रात्री कुणीतरी आपल्याला हाक मारत आहे असं वाटून तो अंथरुणात उठून बसला, तर पोराने चालू ठेवलेला रेडिओ होता.

रविवारी सकाळी अभ्यासवर्ग होता आणि वकील मुद्दाम धुळ्याहून एसटीने आले होते. विषय होता फॅसिझम. हॉल एका संस्थेचा, खुर्च्या पुष्कळ, माणसं थोडी. काळाची गरज म्हणून समाजवाद्यांनाही बोलावलं होतं आणि ते जुने मास्तर, तोताराम गुरुजी, काठी टेकत येऊन पहिल्या रांगेत बसले होते. वकिलांचे हात आता थरथरत होते, पण जर्मनी त्यांनी एका रेषेत काढला. "शास्त्रीय अर्थाने याला फॅसिझम म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "फॅसिझमला मक्तेदार भांडवल लागतं. इथे काय आहे? केळीचे व्यापारी. फार तर अर्ध-फॅसिस्ट प्रवृत्ती म्हणू." गुरुजींनी काठी आपटली. "पंचाहत्तर साली तो पूर्ण होता का अर्धा, देवचंदभाऊ? तेव्हा तर तुम्हाला दिसलाच नाही." मग जुनं सगळं निघालं. कोण कुणाच्या मांडीवर बसलं, कुणी कुणाशी हातमिळवणी केली, कुणाच्या पापाने ही पोरं वाढली. दोन म्हातारे असे भांडत होते, जसे वाटणी झालेले भाऊ बांधावरून भांडतात. खिडकीबाहेर रिक्षाला भोंगा बांधून कुणीतरी दुपारच्या मोर्चाची वेळ पुकारत होता आणि पुकारा जवळ आला की दोघेही आवाज चढवत होते.

पितांबर उभा राहिला. अभ्यासवर्गात तो कधी उभा राहिला नव्हता. "भाऊ," तो म्हणाला, "फॅसिझम आपल्या गळ्यात असू शकतो का?" वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट सांग." "म्हणजे, त्यांची घोषणा माझ्या तोंडातून निघाली. मग त्यांनी जब्बारचं घर विचारलं, तेही निघालं." पितांबरला वाटलं, आता हे दोघे उठतील, काठी घेतील, चला म्हणतील. वकिलांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी परतवून लावलं. "पितांबर, घबराट पसरवायची नाही. घबराट हेच त्यांचं हत्यार. आपला माणूस घर सोडून गेला की ते जिंकले. जब्बारला सांग, राहायचं, आपण आहोत." गुरुजी म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे." इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ठराव लिहायला घेतला. आपण म्हणजे कोण कोण, हे पितांबरला विचारायचं होतं. त्याने खुर्च्या मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

कब्रस्तानाच्या भिंतीकडून आत वळलं की आधी कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज येतो, मग निळं दार दिसतं. आज आवाज नव्हता. जब्बार ओट्यावर न पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशी नुसता बसला होता आणि आत त्याची बायको आबेदा लोखंडी पेटीवर गुडघा दाबून कडी लावत होती. पितांबरला पाहिल्याबरोबर जब्बारचा चेहरा उजळला. शुक्रवारपासून वाट पाहत होता तो, हे पितांबरला दिसलं. "मन्हा साला म्हने, चार दिन धुळ्याले या," जब्बार म्हणाला. "आबेदानी पेटी भरी ठेयेल शे. मी म्हंतं, पितांबरले इचारू." आबेदा दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, तुम्ही म्हनशात तसं करूत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल एवढा विश्वास होता की तो तिच्याकडे पाहू शकला नाही. त्याने घसा खाकरला. तो सांगणारच होता. जब्बार, तो पोरगा माझ्याकडे आला होता, मी त्याला दार सांगितलं, उठ आणि आत्ताच्या आत्ता निघ. सगळं वाक्य त्याच्यापाशी तयार होतं. पण जब्बारने मधेच विचारलं, जुन्या सवयीने, हनुवटी वर करून, "सांग झेल्या, जाऊ का ऱ्हाऊ?"

"राहायचं," पितांबर म्हणाला. "आपण आहोत ना."

आवाज खणखणीत आला. गिरणीत यायचा तसा. जब्बारने मोठा श्वास सोडला आणि बायकोला म्हणाला, "देख, मी काय सांगं व्हतं?" आबेदाने पेटीची कडी काढली. तिने चहा टाकला. पितांबरने तो घेतला, त्याला चव लागली नाही. मग जब्बार आत गेला, दाराला आतून कडी लावली आणि त्याने धनुकली हातात घेतली, आणि तिचा तो टणत्कार गल्लीभर सुरू झाला. मनावरचं ओझं उतरलेला माणूस पिंजतो तसा तो पिंजत होता.

पितांबर गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. रस्त्याच्या त्या टोकाकडून भोंग्यावर वनाचा आवाज येत होता आणि त्यामागे खूप माणसं होती. दुकानांना फळ्या-कुलुपं भराभर लागत होती. फाटकावर होती तसली केळी खाणारी माणसं ही नव्हती. हातांत काय होतं ते इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण हात रिकामे नव्हते. घोषणा येत होत्या, झेलल्या जात होत्या, कुठे क्षणाचा उशीर नव्हता. इतका तयार मोर्चा पितांबरनेही पाहिला नव्हता. या मोर्चाला त्याची गरज नव्हती. हे त्याला कळलं तेव्हा त्याला बाकीचंही सगळं कळलं. तो वळला आणि धावला. त्या वयात जमेल तसा धावला. निळ्या दारासमोर उभा राहून त्याने तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. जन्मभर कुणीतरी आधी टाकलं होतं आणि मग त्याने उचललं होतं. पहिला शब्द कसा काढतात ते त्याला माहीतच नव्हतं. आत धनुकली वाजत होती. त्याने दारावर थाप मारली, ती त्या आवाजात बुडाली. मोर्चा गल्लीच्या तोंडाशी येऊन पोचला. पितांबरने हात उंच केला, सगळा जीव गळ्यात आणला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून ओरडला.

"जब्बार!"

क्षणभर हाक लोंबकळत राहिली. मग भोंग्यावरून, ओळखीचा माणूस भेटल्याच्या आनंदाने, वना म्हणाला, "अरे, काका!" आणि त्याच्या मागून शेकडो गळ्यांनी, एका दमात, ती हाक झेलली. "जब्बार! जब्बार!" धनुकली थांबली. पावलं गल्लीत वळली आणि त्याच्या पाठीशी येऊन दाटली, कुणाचा तरी श्वास त्याच्या मानेला लागला. निळं दार उघडलं. केसांत कापूस अडकलेला जब्बार उंबऱ्यात आला आणि त्याने पाहिलं. समोर सगळा मोर्चा होता, आणि मोर्चाच्या पुढे, हात वर करून, पितांबर उभा होता.